निळ्या सायकलचं घरगुती सर्व्हिसिंग

३ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून सायकल दुकानात जाणार नाही. ठरलं.

बायकोची माउंटन बाइक सर्व्हिसिंगला दाढीवाल्याकडे जाते, हे मला कधीपासून खुपतंय. दाढीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा सायकल मेकॅनिक. अक्कल बेताची, रुबाब मात्र हार्ट सर्जनचा. सायकल टांगतो, चाक फिरवतो, कान लावून ऐकतो आणि 'हं' म्हणतो. 'हं' मलाही म्हणता येतं. मी कालच दोन व्हिडिओ पाहिले. दुसरा अर्धाच पाहिला, कारण पुढचं लक्षात आलं होतं.

३ मार्चला बायकोची डोंगरातली शर्यत आहे. गेल्या वर्षी तिने ती अर्ध्यात सोडली आणि त्याचं खापर घरात अजून माझ्या डोक्यावर फुटतं. मी काय केलं होतं? पार्किंगमध्ये तिच्या सायकलचा डिस्क ब्रेक किंचाळत होता, म्हणून आदल्या दिवशी त्याला तेल पाजलं. किंचाळणं थांबलं की नाही? थांबलं. उतारावर ब्रेक लागेना, हा वेगळा विषय. ती अख्खा उतार सायकल हातात धरून चालत उतरली आणि गाडीत बसून रडली. मी म्हणालो होतो, एवढं काय त्यात.

यंदा माझ्या हातची सायकल घेऊन ती शर्यत पुरी करेल. मग सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

४ फेब्रुवारी, रविवार
भांडणाची तयारी करून विषय काढला. बायको चक्क हो म्हणाली. स्वतः खाली गेली आणि तासाभराने सायकल घेऊन वर आली. गॅलरीत उभी केली आणि म्हणाली, ही घे, हवी तेवढी खोल, फक्त हीच खोल. माझ्यावरचा विश्वास बघून भरून आलं.

सायकल निळी आहे. निळी असल्याचं आठवत नव्हतं. पण रंग बघणारे वेगळे आणि यंत्र बघणारे वेगळे.

यंत्राची अवस्था भयंकर. निम्म्या बोल्टांची डोकी घासून गोल झालीत. पाना टिकत नाही. कुणा गाढवाने चुकीचा पाना लावून सगळे बोल्ट खाल्लेत. गाढवाला दाढी आहे, हे सांगायला नको.

सासूबाई (मुक्काम कायम) दारातून बघत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, हात काळे केलेत तेवढे पुरे, तोंड नका करू. दुर्लक्ष केलं.

१० फेब्रुवारी, शनिवार
मागचं चाक खोललं. आतून छर्रे निघाले. निघाले म्हणजे निघून गेले. काही गॅलरीच्या पाइपातून खाली विमावाल्यांच्या कुंडीत पडले. विमावाले म्हणजे खालच्या मजल्यावरचे विमा एजंट. आयुष्यात एक स्क्रू पिळलेला नाही, पण तोंडाचा पट्टा अखंड. छर्रे मुठीत घेऊन वर आले आणि इथे काय चाललंय म्हणून विचारलं. त्यांना बसवून बेअरिंग म्हणजे काय ते समजावलं. बराच वेळ समजावलं. त्यांची बायकोही आमच्या हिच्याच ग्रुपमध्ये सायकल चालवते. जाताना म्हणाले, मीही आता घरीच करावं म्हणतो. म्हटलं, बघा, पण हे येरागबाळ्याचं काम नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
सकाळी बायको घामाघूम होऊन आली, बूट चिखलाने भरलेले. कुठे गेली होतीस विचारलं, तर चालायला म्हणाली. चालायला जाताना हेल्मेट घालते. भित्री आहे. पण बिचारीची सायकल माझ्याकडे खोललेली, सराव चुकतोय, तरी कुरकुर नाही. लवकर उरकलं पाहिजे.

दुपारी झोपलो.

१७ फेब्रुवारी, शनिवार
हरवलेल्या छर्ऱ्यांसाठी नाइलाजाने दाढीवाल्याकडे. कोणत्या सायकलचे हे त्याने विचारलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाला, निळीच ना? आणि डबा पुढे केला. डबा आधीच काढून ठेवलेला. माझ्या कामाची बातमी बाजारात पोहोचलेली दिसते. धंदा बसणार म्हणून आतून टरकला असणार. वरवर हसत होता. किती खोललीत, असं विचारलं. म्हटलं, पूर्ण. तर म्हणाला, वा, बाकीचे ब्रेकपाशीच थांबतात. बाकीचे कोण, ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी डावं पॅडल. निघेना. पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि त्यावर उभा राहिलो. आणखी घट्ट. शेवटी तो राहिलेला अर्धा व्हिडिओ बघितला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात म्हणे. जगातले सगळे स्क्रू एकीकडे आणि यांचं डावं पॅडल एकीकडे! कंपनीला खरमरीत मेल पाठवला.

२४ फेब्रुवारी, शनिवार
पुढचं चाक काढलेलं असताना ब्रेक दाबून बघितला. ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटले. आता मध्ये डिस्क जाईना. स्क्रूड्रायव्हर घालून फाकवले. आतून तेलाची चिळकांडी उडाली ती थेट सासूबाईंच्या उशीवर. उशी गॅलरीत वाळत घालायची गरजच काय, असं मी विचारलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या की हात दाखवून अवलक्षण.

बायको हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, सावकाश कर, घाई नाही. शर्यत आठवड्यावर आणि घाई नाही! हिला शर्यतीचं गांभीर्यच नाही. सगळा भार माझ्यावर.

२ मार्च, शनिवार
सायकल जोडून पूर्ण. ब्रेक एकदम शांत. गिअर सगळे नाही, पण आहेत ते पडतात. शेवटी एक स्प्रिंग, दोन वॉशर आणि एक काळा वाकडा तुकडा उरला. कंपन्या वजन वाढवायला काहीबाही घालतात. सायकल आता हलकी झाली.

बायकोला नव्या गाडीची किल्ली दिल्यासारखी दोन्ही हातांनी सोपवली. ती थँक्यू म्हणाली. उद्या ग्रुपचा टेम्पो सगळ्यांच्या सायकली नेणार आहे.

३ मार्च, रविवार, सकाळ
घात झाला. बायको पहाटेच गेली आणि सायकल गॅलरीत तशीच! हेल्मेट न्यायला विसरली नाही, सायकल विसरली! फोन लागत नाही. सासूबाईंना सांगितलं तर चहा ओतता ओतता म्हणाल्या, मग आता तुम्हीच न्या. मी निघतोय. तिची दुसरी शर्यत माझ्या डोळ्यांदेखत बुडू देणार नाही.

३ मार्च, संध्याकाळ
गेटवर ब्रेक दाबला. लागला नाही. वॉचमनच्या खुर्चीने थांबवलं. वॉचमन तेव्हा खुर्चीत नव्हता, त्याचंही श्रेय कुणी मला देत नाही. पुढे सिग्नलला डावं पॅडल गळून पडलं. उरलेला रस्ता सायकल हातात धरून चाललो. लोक बघत होते. उतारावर सायकल माझ्या पुढे पळत होती आणि मी मागे लोंबकळत होतो. गेल्या वर्षी तिला काय वाटलं असेल, ते तिथे एकदा मनात येऊन गेलं. फार वेळ राहू दिलं नाही.

पोहोचलो तेव्हा शर्यत संपत आली होती. विमावाले कॅमेरा घेऊन उभे. त्यांना धापा टाकत सांगितलं की हिची सायकल आणलीय, कुठे आहे ही. ते कॅमेऱ्यातून वरच्या वळणाकडे बघत होते. तेवढ्यात वरच्या वळणावरून बायको आली. सायकलवर. हिरव्या सायकलवर. तोच उतार, गेल्या वर्षीचा. खाली उतरली नाही, पाय टेकला नाही. ब्रेक चांगला किंचाळत होता आणि धरत होता. रेषा ओलांडली आणि इतकी मोठ्याने हसली की लोक वळून बघायला लागले. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यात माझा काडीचा हात नव्हता, याचं वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.

मी विचारलं, ही कुणाची सायकल? ती म्हणाली, माझी. घेतल्या दिवसापासून हिरवीच आहे.

४ मार्च, सोमवार
रजा टाकली. अंग दुखतंय.

सगळा कट उघड. निळी सायकल दाढीवाल्याची. अशाच घरांसाठी ठेवलीय म्हणे. ज्या घरात नवऱ्याला पाना घ्यायची हुक्की येते, तिथे ती पाठवतो. हुक्की उतरली की परत नेतो. हिरवी महिनाभर मैत्रिणीकडे होती. आणि कल्पना सासूबाईंची! सासरे होते तेव्हा सासूबाईंनी त्यांना असाच एक बिघडलेला रेडिओ आणून दिला होता. अकरा वर्षं पुरला, असं अभिमानाने सांगत होत्या.

मी बायकोला म्हणालो, सरळ नाही म्हणायचं होतंस. ती म्हणाली, गेल्या वर्षी म्हणाले होते. चारदा. मला आठवलं नाही.

दुपारी दाढीवाला येऊन सायकल घेऊन गेला. उरलेले तुकडे मागितले नाहीत. म्हणाला, ते मागच्यांचेही उरले होते.

९ मार्च, शनिवार
संध्याकाळी विमावाल्यांनी खाली बोलावलं. त्यांच्या गॅलरीत निळी सायकल उलटी उभी, हातात नवाकोरा पाना. त्यांची बायको आतल्या खोलीत हेल्मेटचा पट्टा लावत होती. चालायला निघाली होती.

विमावाले भयंकर चिडलेले. माझ्याकडे खोललेली बघितलेली ही सायकल त्यांना ओळखूच आली नव्हती; रंग बघणारे वेगळे आणि यंत्र बघणारे वेगळे. म्हणाले, आमच्या हिच्या सायकलची अवस्था बघा, कुणा गाढवाने सगळे बोल्ट खाल्लेत, डाव्या पॅडलचे आटे तर पार मारून टाकलेत, अशा माणसाला सायकलला हात लावू देतात तरी कसे?

मी वाकून नीट पाहिलं. चाक फिरवलं. कान लावला. हं म्हटलं.

मग सांगितलं, तो दाढीवालाच. दुसरं कोण असणार.