तीन पाण्यांचं सत्त्व

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. लेकीकडे तुझं बरं चाललंय, गुडघेही फार कुरकुरत नाहीत, हे वाचून बरं वाटलं. पण शेवटची ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. भाजीत मीठ पडलंय की नाही, हे तू हल्ली नातीला विचारतेस, कारण स्वतःच्या जिभेवर तुझा भरवसा उरला नाही. ज्या जिभेवर वैद्यबुवांनी पंचवीस वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला, तिच्यावर ही पाळी यावी!

इथे सगळं तसंच आहे. अंगणातल्या कडुनिंबावरची गुळवेल पार शेंड्याला पोचली. कडुनिंबावर चढलेलीच गुळवेल गुणाला खरी, हे वैद्यबुवांचं पालुपद चालूच आहे. परवा एकाला सांधेदुखीवर सुंठ घालून तिचा काढा दिला, तर पहिल्याच घोटाला तो म्हणाला, "बुवा, सांधे दुखू देत, पण हा काढा आवरा!" तू असतीस तर म्हणाली असतीस, "कडू लागलं ना? मग जीव आहे औषधात." आणि वर त्याच्या तळहातावर मधाचं बोट टेकवलं असतंस.

मी औषधशाळेत तुझ्या हाताखाली कामाला आलो तेव्हा तिशीचा बाप्या होतो, तरी तू मला पहिलीतल्या पोरासारखं शिकवलंस. वेल अंगठ्याएवढी जाड घ्यायची, वरची पातळ साल काढायची, तुकडे ठेचून पाण्यात भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी ते इतके चोळायचे की पाण्याला फेस यावा. मग गाळलेलं पाणी अजिबात न हलवता ठेवायचं. वरचं पाणी ओतताना तू श्वाससुद्धा जपून घ्यायचीस. एवढ्या मोठ्या भाऱ्यातून तळाशी जेमतेम मूठभर साका उरायचा, तेच गुळवेलीचं सत्त्व. "तीन पाण्यांनी धुवायचं, चौथं नाही," तू बजावायचीस. "पांढरंशुभ्र करायला गेलास तर कडूपणा वाहून जाईल आणि हातात राहील नुसतं पीठ." वाळल्यावर बोटाच्या टोकावर कणभर घेऊन तू जिभेवर ठेवायचीस आणि डोळे मिटायचीस. मी रोज देवापुढे उभा राहतो, तर मन दहा ठिकाणी भटकतं. तुझं त्या क्षणी भटकत नसे. हात कसे जोडावेत हे मी तुझ्याकडे बघून शिकलो, ताई. कधी बोललो नाही, एवढंच.

तू मान हलवल्याशिवाय बरणीला झाकण लागत नसे. वैद्यबुवाही म्हणायचे, "माझी जीभ लवंगा चघळून मेली, या औषधशाळेत जीभ हिला एकटीलाच आहे." म्हणूनच गेल्या वर्षीचा तो दिवस मनातून जात नाही. आठ दिवसांच्या तापातून तू उठलीस, सरळ कामावर आलीस आणि नवं सत्त्व चाखलंस. पुन्हा चाखलंस. चूळ भरून तिसऱ्यांदा. "काहीच लागत नाही रे, बारक्या." वैद्यबुवा म्हणाले, "तापानं तोंड गेलंय, येईल चव." पण तू एप्रन खुंटीला अडकवलास. जी जीभ एकदा दगा देते तिच्या भरवशावर आजाऱ्याला औषध द्यायचं नाही, म्हणालीस, आणि तिसऱ्या दिवशी लेकीच्या गावाची बस धरलीस. रुसवा नाही, रडणं नाही. आपल्या कामापुढे स्वतःला इतकं लहान मानणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बायकोचा ताप महिनाभर रेंगाळला. वैद्यबुवा दुधातून गेल्या वर्षीच्या बरणीतलं तेच सत्त्व देत राहिले, ती सुकत चालली. शेवटी ओल्या वेलीचा काढा सुरू केला, तेव्हा कुठे ताप हटला. "सत्त्वानं का नाही हटला?" वैद्यबुवा पुटपुटले. मला ठाऊक होतं. ते सत्त्व तू आजारी असताना मी एकट्याने केलं होतं. तीन पाण्यांनंतर जरा मळकट दिसलं. वैद्यबुवांनी "वा, दुधासारखं!" म्हणावं म्हणून मी सात पाण्यांनी धुतलं. ते तसं म्हणालेही. तू तीनदा चाखत होतीस तेव्हा मी खाली मान घालून बरणी पुसत होतो. तू गेल्यावर चिमूटभर तोंडात टाकलं, तर नुसतं पीठ. तुझी जीभ चुकली नव्हती, ताई. त्या दिवशी तिथे तेवढी एकच खरं बोलत होती, आणि मी तिला खोटं पडू दिलं. वर्षभर देवापुढे उभा राहतो, पण हात जोडवत नाहीत. काल वैद्यबुवांना सगळं सांगितलं. त्यांनी बरणी मोरीत रिकामी केली आणि म्हणाले, "माझ्यापुढे काय रडतोस? जिची जीभ तिला लिही." सोबत दोन पुड्या आहेत, एक त्या बरणीतली, ओतण्याआधी काढून ठेवलेली, आणि एक परवा तीन पाण्यांनी धुतलेल्या सत्त्वाची. कागद तोच, दोरा तोच, खूण कसलीच नाही. डोळे मीट आणि नातीला एकेक चिमूट तुझ्या जिभेवर ठेवायला सांग. तिला काही विचारू नकोस. मग मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. खिडकीपाशी तुझं स्टूल पुसून ठेवलंय. नव्या बरणीला झाकण अजून लावलेलं नाही.

तुझाच,
बारक्या