थेंबभर पाण्याचे स्फटिक

बालीगंज, कोलकाता
१२ डिसेंबर २०२३

ती. वृंदाआत्यास,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं मराठी हिंदीकडे घसरतं, म्हणून पत्रच लिही असा तुझा हुकूम. तर वाच. पावसाळ्यात माझ्या प्रयोगात औषधाचे आणि एका आम्लाचे रेणू एकाच स्फटिकात बसले होते. याला सहस्फटिक म्हणतात. त्यानं औषध चांगलं विरघळतं. आता थंडीत कितीही वेळा करून पाहिलं तरी दोघं वेगवेगळे गोठतात. सर म्हणाले, जे पुन्हा घडत नाही ते प्रबंधातून काढ. आत्या, इतक्या वर्षांचं काम गं! बाबा चहा करून देतात.

लोभ आहेच, रागावू नकोस.
तुझी मधू

पुणे
२० डिसेंबर

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

स्फटिक गोठत नाहीत, तयार होतात. असो. पत्र वाचून आम्ही दोघं तिथे राहायचो तेव्हाचं बालीगंजचं स्वयंपाकघर आठवलं. आषाढात बरणीत तांदूळ टाकूनही मिठाचा चिखल व्हायचा. तुझे काका म्हणायचे, मीठ आता पळीनं वाढा! डिसेंबरात तेच मीठ सुटसुटीत. हे गेल्यापासून मला तिकडे यायला धीर झाला नाही, पण ती दमट हवा अजून अंगावर आहे. तुझ्या बशीत पावसाळ्यात काय होतं, जे आता नाही? मी आपली शाळेतली रसायनाची बाई, मला एवढंच सुचतं. रडून झालं असेल तर जेव.

तुझ्या बाबाला, दिगंबरला, आशीर्वाद.
तुझी आत्या

बालीगंज
८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास सा. न.

पाणी! मी दोन्ही ज्यात विरघळवते त्या अल्कोहोलनं पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतलं होतं. आता मुद्दाम थेंब घातले आणि बशीत सुयांसारखे सहस्फटिक उगवले. क्ष-किरणांनी पाहिलं, तर दोन रेणूंच्या मधे पाण्याचा रेणू, दोघांनाही बांधून. तापवलं की पाणी उडतं आणि स्फटिकाचा भुगा होतो. सरांनी स्वतः करून पाहिलं, मग म्हणाले, हे प्रकरण प्रबंधात राहू दे. मार्चमध्ये तोंडी परीक्षा. बाबांनी तुझी खोली झाडून ठेवली आहे. येशील ना?

वाट पाहणारी,
मधू

पुणे
१६ फेब्रुवारी

चि. मधूस,

पत्र शेजारच्या आशाताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवट त्यांनाच वाचावा लागला. तिकीट काढलंय. परीक्षेच्या आधी एकदा बागबाजारच्या घाटावर जायचंय. यांच्या अस्थी सोडल्या, त्यानंतर ती नदी मी पाहिलेली नाही. एकटीनं जमणार नाही. तू सोबत चल.

तुझी आत्या