करड्या रंगाची बाग

३ फेब्रुवारी
आजपासून रंग बंद. निर्णय पक्का. पदार्थ बिघडला की लोक तिखट वाढवतात, तसा फोटो बिघडला की रंग. महिनाअखेरीला आमच्या फोटोग्राफी क्लबचं प्रदर्शन. विषय : निसर्ग. सगळे निळी तळी आणि हिरवे डोंगर घेऊन येणार. मी एकटा ब्लॅक अँड व्हाइट. नुसतं एडिटिंगच्या जोरावर.
बायकोला हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅस बंद कर, दूध उतू जातंय.

५ फेब्रुवारी
ऑफिसात जीव रमत नाही. सारखा उठून खिडकीशी जातो, ढगांचा कॉन्ट्रास्ट बघतो. साहेबांनी विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, उजेडाची. त्यांनी माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट लावायला सांगितली. कलेचं आणि नोकरीचं जमत नाही ते असं.

८ फेब्रुवारी, दुपारी
सापडलं! सासरेबुवांची संत्र्याची बाग. गेल्या वर्षी विकली. आता तिथे गोदाम आहे. झाडं तोडायच्या आधी बायकोने मला मुद्दाम पाठवलं होतं, सगळं नीट टिपून आण म्हणून. सासरेबुवांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू. शेवटचा बहर बिचाऱ्यांनी हाताने चाचपून पाहिला.
ते रंगीत फोटो कॉम्प्युटरवर काळेपांढरे केले, निळ्या रंगाचा स्लायडर पार खाली ओढला. आकाश डांबरासारखं झालं. नारिंगी पार वर. संत्री पांढरीशुभ्र! झाडांना दिवे लागल्यासारखी. अंगावर काटा आला. सगळे फोटो असेच केले आणि मूळ फाइलींवरच सेव्ह केले. कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं करून टाकलं. परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही.

११ फेब्रुवारी
सासरेबुवा ऑपरेशनसाठी आलेत. आधी उजवा डोळा. बायको म्हणाली, पट्टी सुटली की बाबांना पहिल्यांदा बाग दाखवायची, मोठा प्रिंट काढून आण. म्हणाली, "शेवटचा बहर त्यांनी डोळे भरून पाहिलाच नाही रे."
म्हटलं, असं दाखवतो की जन्मभर विसरणार नाहीत. काळ्यापांढऱ्याचं बोललो नाही. सरप्राइज. प्रिंट जाड मॅट कागदावर काढला. चकचकीत कागद हौशी लोकांसाठी.

१५ फेब्रुवारी
पट्टी निघाली. दवाखान्याच्या भिंती पांढऱ्या, डॉक्टरांचा कोट पांढरा, माझा स्वेटर करडा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू डोळा उघडा. मी प्रिंट थेट नाकासमोर धरला.
सासरेबुवा बघत राहिले. मग विचारलं, "झाडांना अंडी कशी लागली?"
मी म्हटलं, संत्री आहेत, तुमचीच बाग. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "डॉक्टर, दिसतंय सगळं, पण रंग गेले हो." आणि खरंच रडायला लागले. बायकोने आपली हिरवी पिशवी त्यांच्यापुढे धरली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.
डॉक्टर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तिला दाद म्हणता येणार नाही. तरी एक गोष्ट खरी : माझ्या फोटोने माणसाचं अख्खं जग बदललं. अगदी क्षणभर का होईना.

१६ फेब्रुवारी
बायको रंगीत फोटो मागतेय. सांगितलं, फाइली जागच्या जागी आहेत, फक्त वेगळ्या अवस्थेत आहेत. तिने दोनदा विचारलं, मूळ आहेत की नाहीत? एकदाच 'नाहीत' म्हणालो. ती भांडली नाही. बाबांच्या खोलीत जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. घरभर येरझारा घातल्या. चहा करून दिला. दोघांचेही कप तसेच परत आले.

१९ फेब्रुवारी
रंग काय, परत भरता येतात. एक प्रोग्रॅम आहे, आपोआप भरतो. भरला. संत्री लालबुंद, माती जांभळी. मी हाताने थोडी सुधारणा केली. माती आणखी जांभळी झाली. सासरेबुवांना दाखवलं. ते फार सज्जन माणूस. म्हणाले, "छान आहे. कुणाची बाग?"

२१ फेब्रुवारी
क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, यंदा निम्म्याहून अधिक फोटो ब्लॅक अँड व्हाइटच आलेत, आता पुरे. एखादा रंगीत असेल तर बघू.
जांभळ्या मातीचा पाठवला. 'पाहिला' एवढंच उत्तर आलं. प्रदर्शनं मला कधीच आवडत नव्हती.

२५ फेब्रुवारी
जिंकलो! सासरेबुवांनी स्वतः मागून घेतलं, "जावईबापू, तो पहिला काळापांढराच द्या बघू." शेवटी नजर तयार झाली! छाया-प्रकाशाबद्दल त्यांना बरंच समजावलं. ते मान डोलवत होते. रात्री बायकोला म्हटलं, बघ, रसिक घरातच होता. ती म्हणाली, बाबांनी मला स्टेशनरीच्या दुकानातून रंगपेटी आणायला सांगितलीय.

२६ फेब्रुवारी
सकाळपासून सासरेबुवा जेवणाच्या टेबलावर माझ्या प्रिंटवर रंग भरतायत. पातळ ब्रश, पाण्याचा पेला. एकेक झाड ओळखतात. हे विहिरीजवळचं, गोड. हे आंबट, पण तुझ्या आईला हेच आवडायचं. याला उशिरा फळ धरायचं, याची हिरवट ठेवू. बायको शेजारी बसून रंग कालवून देतेय. मध्येच दोघं हसतात.
माती तांबूस आहे. मला आठवत नव्हती.
मी म्हटलं, आकाश तरी तसंच ठेवा, त्यावर फार मेहनत घेतलीय. दोघंही "हं" म्हणाले. डांबरावर निळा काही चढेना, तेव्हा सासरेबुवा म्हणाले, असू दे, पाऊस येणार होता त्या दिवशी. तो येणार नव्हता. मी निळा रंग बाजूला सरकवला.
ओल्या रंगाने कागद वळायला लागला. बायको म्हणाली, काही करायचंच असेल तर हा कोपरा दाबून धर. धरला. हात अवघडला. विचारलं, सोडू का? सासरेबुवा मान वर न करता म्हणाले, थांबा, अजून बरीच झाडं आहेत.
हे डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपऱ्यावर आहे.