एकोणीस लिटर

प्रिय खारूताई,

पत्र बघून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, मीही बरी आहे, गॅस बंद आहे आणि दाराला कडी आहे. तू रोज संध्याकाळी फोनवर विचारतेस, जेवलात का, औषधं झाली का. मी हो म्हणते आणि तू ठेवतेस. मला जे सांगायचंय ते त्या दोन मिनिटांत मावत नाही. शिवाय यात आकडे आहेत, आणि आकडे कागदावरच बरे. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतलेल्या बाईकडून तू दुसरी काय अपेक्षा करणार? तेव्हा चहा घेऊन बस आणि सावकाश वाच. आधी शेवट वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आज तेवढी आवर.

तुझा फॉर्म अजून फ्रिजवर आहे, त्या केशरी चुंबकाखाली. शुश्रूषा केंद्रातली खोली पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रिकामी होणार, आणि सही केली की बाबा तिकडे जाणार. तू समजावून सांगितलंस तेही बरोबरच होतं. पक्षाघातानंतर बाबांची उजवी बाजू गेली, त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात घ्यायला घरात धडधाकट माणूस हवं, आणि मला तर स्वतःला सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. मला ते लागलं, अगं. लागलं कारण खरं होतं. खोटं असतं तर मी तुझ्याशी भांडले असते.

त्या शनिवारचं आपण दोघींनीही पुन्हा काढलेलं नाही. तुला यायला उशीर झाला होता, पाणी निवत होतं, आणि मी म्हटलं आज आपणच घालू अंघोळ, त्यात काय एवढं. हात दाखवून अवलक्षण! न्हाणीघराच्या उंबऱ्यात माझे गुडघे वाकले ते वाकलेच, बाबा माझ्यावर, मी भिंतीवर, आणि मग दोघंही खाली. लागलं कुणालाच नाही. चाळीस मिनिटं आम्ही ओल्या फरशीवर बसून होतो. बाबांकडे आता एकच शब्द उरलाय हे तुला माहीतच आहे. जन्मभर सुतारकाम केलं, फळी कापायच्या आधी हाताखालच्या माणसाला विचारायचे तोच शब्द, मोजलं? चहा हवा तरी मोजलं, झोप आली तरी मोजलं. त्या दिवशी फरशीवर बसून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेच विचारलं, आणि मला हसू फुटलं, आणि मग रडू. मग तू आलीस. बॅग टाकलीस, एकटीने त्यांना उचललंस, खुर्चीत बसवलंस, अंग पुसलंस. निघताना बूट खुर्चीवर पाय ठेवून घातलेस, तेवढं मला आठवतं. पुढच्या आठवड्यात पोस्टाने फॉर्म आला.

चार महिने अवकाश होता. तोवर बाबांची अंघोळ म्हणजे पलंगावरच अंग पुसणं. मी ठरवलं, एवढ्यात बाबांना उचलता येईल असं शरीर करायचं, नाहीतर गुपचूप सही करायची. वय एकसष्ट, वजन ब्याऐंशी. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्तदाब पाहिला, गुडघे दाबून पाहिले आणि बेताबेताने करा म्हणाले. आता मोजायचं कशावर? तर पाण्याचा कॅन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, यापेक्षा प्रामाणिक वजन जगात नाही. कॅनमध्ये पाणी भरायचं, जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायचा, आणि न डगमगता जमलं की लिटर वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी अकरा. वही तीच, शाळेतली, उरलेल्या पानांची.

आणि इथे तुझ्या आईने जी माती खाल्ली ती फक्त तुझी आईच खाऊ शकते. प्रयोगशाळेचा पहिला नियम काय? एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. मी दर जूनमध्ये हे फळ्यावर लिहायचे. तेव्हा मी ठरवलं, पहिले चार आठवडे फक्त खाणं बदलायचं, व्यायामाला हात लावायचा नाही. आणि पुढचे चार आठवडे फक्त व्यायाम, खाणं पूर्वीसारखं. मग तुलना. वहीत दोन रकाने आखले, वर तारखा घातल्या. मला स्वतःचंच किती कौतुक वाटलं म्हणून सांगू!

पहिला रकाना. साखर बंद, बिस्किटं बंद, पाव अर्धा, रात्री नुसतं सूप. वजन भराभर उतरलं, चार आठवड्यांत पाच किलो. मी फुशारले. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात थांबवून विचारायची, काय करता हो. आणि कॅन? नऊ लिटर! आधी अकरा उचलत होते ती मी नऊवर आले. दुपारी डोळ्यांपुढे काजवे, बाबांना नुसतं कुशीवर वळवलं तरी धाप. मला कळेना, भार कमी झाला तर उचलायला सोपं जायला हवं ना? गेलं काय नेमकं माझ्यातून?

दुसरा रकाना. आता खाणं पूर्वीसारखं, आणि वर व्यायाम. भिंतीला हात लावून ढकलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, जिना दोनदा चढणं. खुर्चीवरून पहिल्यांदा हात न टेकता उठले तेव्हा बाबांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. पण व्यायामाने भूक अशी काही खवळायची की पूर्वीसारखं म्हणता म्हणता पूर्वीपेक्षा जास्त पोटात जायचं. जिना चढले म्हणून दोन बिस्किटं, उतरले म्हणून आणखी दोन. कॅन बारावर गेला, वजन पुन्हा ऐंशीवर, आणि गुडघे असे बोलायला लागले की शेजारी ऐकू जावं. आठ आठवडे संपले होते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्या दुपारी मी फॉर्म खाली काढला आणि पेन शोधलं, हे तुला आज पहिल्यांदाच सांगतेय.

तेवढ्यात बाबांची कसरतवाली आली. तिला तू ओळखतेस, ती केस घट्ट बांधणारी, बाबांचे हात-पाय हलवायला सोमवार-गुरुवार येते ती. टेबलावरची वही तिने उघडली, दोन रकाने पाहिले आणि खुर्चीत बसून पोट धरून हसली. मला राग आला. मग ती म्हणाली, बाई, तुम्ही भिंत बांधायला निघालात, एक महिना गवंडीच आणला नाहीत आणि होत्या त्या विटाही काढून टाकल्यात, दुसऱ्या महिन्यात गवंडी आणलात आणि त्याला विटांऐवजी नुसता वाळूचा ढीग दिलात. नुसतं कमी खाल्लं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही गेला, म्हणून नऊ लिटर. दोन्ही एकदम करायचं असतं. मी म्हटलं, अगं पण मग कशाने काय झालं ते कळणार कसं? ती म्हणाली, तुम्हाला कळून घ्यायचंय की उचलायचंय? सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात ते खोटं नाही. फळ्यावर लिहिलेला माझा नियम चुकीचा नव्हता, पण मी परीक्षानळी नव्हते, आणि एक तारीख माझ्या निष्कर्षासाठी थांबणार नव्हती.

मग तिसरा रकाना, सात आठवड्यांचा. उपास नाही, उपासमार तर नाहीच. ताट थोडं लहान, पण प्रत्येक जेवणात अंडं, दही, मासा किंवा उकडलेले हरभरे, काहीतरी बांधणीचं. भाज्या भरपूर. बिस्किटाचा डबा मी कुलूपबंद कपाटात ठेवला, जसं शाळेत आम्ल ठेवायचे, आणि वर लेबलही लावलं. आठवड्यातून तीन दिवस कॅन आणि खुर्ची, दर वेळी थोडंसं जड, मधले दिवस नुसतं चालणं आणि रात्री भरपूर झोप. कसरतवालीने उचलायचं कसं ते नव्याने शिकवलं, गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ, जोर मांड्यांचा, आणि बाबांनी चांगल्या पायावर भार घेईपर्यंत थांबायचं. बाबा मान हलवत बघत होते. फळ्या उचलताना ते हेच सांगायचे, मीच कधी ऐकलं नाही.

आता गंमत ऐक. पहिले तीन आठवडे वजन हललंच नाही. ऐंशी म्हणजे ऐंशी. मला वाटलं काटा बिघडला. मी पाच लिटरचा कॅन काट्यावर ठेवला, काटा चोख. मग काय चाललंय आत? बाबांची सुतारकामाची टेप काढली, कमरेला गुंडाळली, तर या रकान्याच्या पहिल्या दिवशी लिहिलेल्या मापापेक्षा चार सेंटिमीटर कमी! वजन तेवढंच आणि कंबर बारीक, हे कोडं मला दोन दिवस झोपू देईना. एक गोष्ट जात होती आणि तिच्या जागी दुसरी येत होती, आणि काट्याला दोन्ही सारख्याच. एकसष्टाव्या वर्षी माझ्या स्वतःच्या आत एवढं काही घडतंय आणि मला पत्ता नाही, या विचाराने मला इतका आनंद झाला की मी बाबांना उठवून टेप दाखवली. ते म्हणाले, मोजलं? मी म्हटलं, हो, तीनदा.

आज सकाळचे आकडे. वजन साडेशहात्तर. कंबर नऊ सेंटिमीटरने कमी. कॅन एकोणीस लिटर. एकोणीस, बाई! जिन्यातली शेजारीण आता काही विचारत नाही, कारण पाच किलो उतरले होते तेव्हा चेहरा ओढल्यासारखा दिसायचा, आता नुसती मी दिसते.

पण कॅन म्हणजे बाबा नव्हेत हे मलाही कळतं. कसरतवालीने खरी परीक्षा घेतली. दहा दिवस, रोज पलंग ते खुर्ची आणि परत, आणि त्यासाठी मुद्दाम रोज येऊन ती दाराशी हाताची घडी घालून उभी. नऊ दिवस जमलं. सातव्या दिवशी बाबांचा पाय अचानक सैल पडला आणि मला पेलेना. पण या वेळी माझे गुडघे गेले नाहीत, मी त्यांना हळूच परत पलंगावर टेकवलं, दोघांनी दम खाल्ला, आणि पुन्हा उठलो नाही. वहीत मी नापास लिहिलं. तिने ते खोडलं आणि म्हणाली, मला हेच बघायचं होतं. अंघोळीसाठी मात्र ती एकटीने नको म्हणाली, आणि मी ऐकलं. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी एक जाणती बाई येऊन हात लावते. तेवढं तुझं म्हणणं खरं होतं. फॉर्म फाडलेला नाही, खणात ठेवते. कधीतरी लागेल, मी काही वेडी नाही. पण या वेळची खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला द्या असं त्यांना कळव.

आता शेवट. सगळं पत्र खरं तर याच्यासाठी आहे. त्या शनिवारी तू गेल्यावर मी न्हाणीघरातली केराची टोपली रिकामी केली. शाळेत कुणी काय फोडलं ते मी टोपलीवरूनच ओळखायचे, ती सवय जात नाही. तळाशी दुखण्यावर लावायच्या पट्टीचं पाकीट होतं, कागदात गुंडाळून लपवलेलं. त्याआधीच्या शनिवारीही होतं. म्हणजे बाबांना उचलून उचलून तुझी कंबर गेली होती, बूट घालायला वाकणंही होत नव्हतं, किती दिवसांपासून कोण जाणे, आणि तू मला सांगितलं नाहीस. फॉर्म धाडलास तोही माझ्या वयाचं आणि वजनाचं नाव सांगून. मग पंधरा शनिवार तू आली नाहीस. मला वाटतं, आलीस की उचलावं लागणार, आणि उचलणार नाही म्हणायची तुला लाज वाटते. वेडे, मला आधी सांगायचं होतंस गं! आणि मीही टोपलीत पाहून गप्प बसले, तेव्हा माझंही चुकलं. खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीवर आम्ही काही ठेवत नाही. दर शनिवारी बाबा तिच्याकडे बोट करतात आणि तोच एक शब्द विचारतात, आणि मी सांगते, हो, शनिवार मोजलेत. तेव्हा आता ये. उचलायला नको, त्याला मी आहे. नुसती बसायला ये.

तुझीच,
पाठ सरळ ठेवून उभी असलेली
आई