तुम्ही तर अलिबागचे

अण्णा, तुम्ही गेलात त्या वयाच्या चार वर्षं पुढे मी आले आहे, तेव्हा थोडं बरोबरीनं बोलले तर रागावू नका. काल नातवानं शाळेच्या पुस्तकातला एक फोटो दाखवून विचारलं, आजी, हा जर्मनीचा पुढारी तुला माहीत आहे का? म्हटलं, चांगला माहीत आहे, लोणावळ्याला आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी यायचा. पोरगं हसलं. म्हातारी चळली असं वाटलं असेल त्याला.

यायचाच की तो, तुमच्या तोंडून. शाळा सुटली की तुम्ही स्टेशनवरून आदल्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र आणायचात आणि चहा झाला की त्याचं मराठी करत वाचायचात. ऐकायला दोघं ठरलेले, कार्ल्याहून दूध घालायला येणारे आबा आणि शेजारचे गार्डकाका. काका रेल्वेत गार्ड, जातीनं इस्राएल. त्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बाकी घरात मराठीच, काकू नऊवारी नेसायच्या, आणि पुरणपोळी आईपेक्षा मऊ करायच्या. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

त्या पुढाऱ्याचं तुम्हांला एवढं वेड का लागलं होतं, ते मला आत्ता कळतं. त्याला चित्रकार व्हायचं होतं आणि कलाशाळेनं दोनदा परत पाठवलं. तुम्हांलाही मुंबईच्या कलाशाळेनं परत पाठवलं होतं, आणि मग जन्मभर ड्रॉइंग मास्तर म्हणून पोरांकडून मडक्यांची चित्रं काढून घेतलीत. तो पहिल्या लढाईत साधा शिपाई, पुढे तुरुंग, तुरुंगात पुस्तक, मग निवडणुका आणि एक दिवस सगळा देश त्याच्या मुठीत. साहेबाला घाम फोडतोय म्हणून ओटाही खूश. त्याच्या झेंड्यावरचं स्वस्तिक बघून तुम्ही म्हणालात, जरा कलतं काढलंय, पण आपलंच. तुम्ही वाचता आहात, मैदानात जमलेल्या माणसांचं वर्णन करताना तुमचा आवाज चढतो आहे, आणि मी शेजारी बसून त्याची कात्रणं वहीत चिकटवायला खळ ढवळते आहे. दादा अभ्यासात हुशार, धाकटा लाडका. वहीच्या कामाला मात्र तुम्हांला मीच लागायची.

दुसऱ्या लढाईच्या आदल्या वर्षी, दिवाळी नुकतीच झाली होती. भातकापणी सोडून आबा आले होते. तुम्ही वाचलंत की जर्मनीत एका रात्रीत दुकानं फोडली, प्रार्थनेच्या जागा जाळल्या, आणि वर म्हणालात, शिस्त लावतोय.

"पर मास्तर, दुकानं फोडली ती कुनाची?" आबांनी विचारलं.

"ज्यू लोकांची. तिकडचे आहेत कोणी."

गार्डकाका टोपी घालत होते. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, ते ज्यू म्हणजे आम्हीच."

तुम्ही चक्क हसलात. "तुम्ही? तुम्ही तर अलिबागचे."

"अलिबागचेच," काका म्हणाले. "पण तिकडे असतो तर त्या रात्री आमचं घर फुटलं असतं."

ते घरी गेले. लय वंगाळ झालं, एवढं म्हणून आबांनीही दुधाची चरवी उचलली.

चार दिवस तुम्ही वर्तमानपत्र आणलं नाहीत. पाचव्या दिवशी वही बंबात घातलीत आणि काकांकडे गेलात. मी मागोमाग होते. काकूंनी पाणी दिलं, काकांनी शाळेची चौकशी केली, तुम्ही थंडीविषयी बोललात आणि परत आलात. काका तुम्हांला कधी टाकून बोलले नाहीत, पण ते ओट्यावर पुन्हा बसले नाहीत, आणि पावसाळ्याआधी त्यांची भुसावळला बदली झाली. लढाई संपल्यावर तिकडच्या छावण्यांचे फोटो छापून आले, तेव्हा तुम्ही पेपराची घडी करून ती ट्रंकेच्या तळाशी ठेवलीत. मला तुमचा राग येत नाही, अण्णा. ज्याला दाराबाहेर ठेवलं होतं त्याला दार मोडणारा माणूस आवडला. पण दारामागे कोण राहतं हे तुम्ही विचारायला हवं होतं.

शेवटच्या आजारात तुम्ही पुन्हा पुन्हा एकच म्हणायचात, कुणी आधी सांगितलं असतं तर मी ते त्यांच्यासमोर वाचलं नसतं. मी पाय चेपत असायची. दर वेळी म्हणायची, कोण सांगणार होतं?

काकांच्या मुलीनं मला सांगितलं होतं. त्या दिवसाच्या आठवडाभर आधी, नळावर. अण्णांना सांग गं, ते पेपरात वाचतात ते ज्यू म्हणजे आम्हीच, बाबा बोलायचे नाहीत. मी हो म्हटलं, हंडा उचलला आणि घरी आले. तुम्ही कात्री घेऊन माझी वाट बघत होतात. सांगितलं तर वही बंद होईल आणि मग मला जवळ कोण बसवून घेणार, एवढाच विचार मनात आला, आणि मी खळ करायला बसले.

या पत्रावर पत्ता काय घालणार? आणि खरं सांगू, पत्ता असता तरी मी ते पेटीत टाकलं नसतं.