आईचा आकडा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. इथे आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असशील असं धरून लिहायला बसलोय. पत्र बघून तू दचकशील. हातात फोन असताना कागद कशाला, असं म्हणशील. तीनदा तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. फोनवर तू मध्येच "म्हणजे काय?" असं विचारतेस आणि मी काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळा होतो. कागद मध्ये बोलत नाही.

आधी घरचं सांगतो. आईच्या शस्त्रक्रियेला आता पाच महिने होतील. कंपवाताची थरथर जवळजवळ गेल्यातच जमा आहे. डोक्यात दोन बारीक तारा, त्या कानामागून मानेतून खाली येतात आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक चपटी डबी. तू आयसीयूमधली नर्स, तुला हे मी सांगायला नको. पण आई ज्याला त्याला सांगत सुटते, "डोक्यात तारा, छातीत बॅटरी. लिफ्टवाल्या मिस्त्रीची आई अशीच पाहिजे." पूर्वी सुईत दोरा ओवायला ती माझी वाट बघत बसायची. गेल्या आठवड्यात तिनं एका शाळेच्या एकवीस गणवेशांना स्वतः हातशिलाई घातली.

माझं काम चालू आहे. दोन नव्या इमारतींची देखभाल मिळाली. एका जुन्या इमारतीतल्या बाई नेहमी फोन करतात, "मिस्त्री, लिफ्ट आज रुसलीय." मी हसतो. लिफ्ट रुसत नाही, कुठला तरी कॉन्टॅक्ट जळालेला असतो. माणसाचंही तेच, फक्त वायरिंग जरा जास्त गुंत्याचं, असं मी आजवर सगळ्यांना ऐकवत आलो. तुलाही ऐकवलं असेल.

आता मुद्द्यावर येतो. तू सोळा तारखेचं तिकीट काढलंयस. सतरा जानेवारीला आईनं तुला फोन केला, सहा वर्षांनी. मी शेजारीच उभा होतो. "माझ्या मनात आता काही राहिलं नाही गं, ये तू," असं ती म्हणाली, आणि पलीकडून तुझं नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. त्या फोनबद्दल तुला एक गोष्ट माहीत असायला हवी.

त्या डबीला बाहेरून एक रिमोट आहे. डॉक्टरबाईंनी त्यात थोडी जागा मोकळी ठेवली आहे, दोन पूर्णांक चारपासून तीन पूर्णांक दोनपर्यंत. चालताना पाय अडखळायला लागले तर घरच्यांनी आकडा जरा वाढवायचा. आई एरवी दोन पूर्णांक सहावर असते. तुला फोन केला त्या दिवशी ती तीन पूर्णांक दोनवर होती.

त्या दिवसांत तू तिला बघायला हवं होतंस. सकाळी उठल्यापासून गुणगुणत होती. लहानपणी आपल्याला ज्या कात्रीला बोट लावायची बंदी होती ती कापडाची मोठी कात्री तिनं शेजारणीला देऊन टाकली, "घे, माझ्याकडे दुसरी आहे" म्हणून. दुसरी नाही. झोप तर दोन-तीन तासांवर आली होती. चौथ्या दिवशी पडदे धुवायला काढते म्हणून स्टुलावर चढली आणि पडली. हाड मोडलं नाही, मनगट तेवढं सुजलं. डॉक्टरबाईंनी रिमोट तपासला आणि आकडा परत दोन पूर्णांक सहावर आणला. "जास्त झालं की असं होतं काहींचं," म्हणाल्या. "उगाचच सगळं छान वाटायला लागतं."

दुसऱ्या दिवशी आईनं शेजारणीकडे जाऊन कात्री परत आणली. मग मला म्हणाली, "मी तिला खरंच ये म्हणाले?"

"हो."

"आठवतंय मला. पण दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यासारखं आठवतंय. ती डबी बोलली असेल रे."

तेव्हापासून तुझा विषय घरात निघालेला नाही. तू मात्र तिथे बॅग भरत असशील.

कामाची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहितो.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उद्याचे तीन दिवस झाले. बरंच झालं म्हणायचं, कारण मंगळवारी मी हे पत्र तसंच पाकिटात घालून पाठवणार होतो.

आई तीन पूर्णांक दोनवर होती, असं वर लिहिलंय. नुसतं "होती". तिथवर तिला कोणी नेलं ते लिहिलं नाही. मी नेलं, ताई. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हाही "चुकून बोट लागलं असेल" म्हणून सांगितलं. चुकून नव्हतं.

डिसेंबरात एकदा तिचे पाय अडखळत होते म्हणून मी आकडा वाढवला होता. संध्याकाळी शिलाई करता करता ती आपणहून तुझ्याबद्दल बोलायला लागली. तू पहिल्यांदा शिवलेला फ्रॉक, त्याची एक बाही उलटी लागलेली, आणि तरी तू तो हट्टानं घालून शाळेत गेलेलीस. सहा वर्षांत तिच्या तोंडून तुझं काही ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा खाली आणला आणि ती पुन्हा गप्प. मला कळायचं ते कळलं. मग जानेवारीत मी रोज थोडा थोडा वाढवत नेला, आणि ती पुरेशी हसरी झाली तेव्हा तुझा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

बुधवारी मी तेच पुन्हा करत होतो. सोळाला तू येणार, दोन दिवस राहणार. तीन पूर्णांक दोन नको, तिची झोप उडते. पण दोन पूर्णांक नऊवर भागेल का, हे आधी बघून ठेवावं, असा माझा हिशोब. दुपारी जेवून ती आडवी झाली होती. रिमोट डबीच्या जवळ धरावा लागतो, म्हणून मी तिच्यावर वाकलो होतो. मान वर केली तर तिचे डोळे उघडे.

"किती केलंस?" ती म्हणाली.

"नाही, बॅटरी किती उरलीय ते बघत होतो."

"बॅटरी परवाच बघून झाली. तिला फोन केला त्या वेळीही तूच?"

मी हो म्हणालो. तिच्या चेहऱ्याकडे बघत खोटं बोलायचं माझ्यात उरलं नव्हतं.

ती उठून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कशासाठी केलंस?"

"तुम्ही दोघी बोलायला लागाल म्हणून."

"ते तुला सहा वर्षं वाटत असणार. मग समजूत घालायची, भांडायचं माझ्याशी. चोरून कशाला?"

आणि मग मी ते सांगितलं, ताई. तुला माहीत असलेलं, आणि तिला नसलेलं.

सहा वर्षांपूर्वी, बाबांचा व्हेंटिलेटरवरचा अकरावा दिवस. आई त्यांचा हात धरून बसलेली, तो गरम आहे म्हणून कुणाचं ऐकत नव्हती. आपण दोघं बाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी. तू म्हणालीस, "बाबा आता त्यात नाहीत रे. मशीन हवा ढकलतंय एवढंच." तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू मला विचारलंस, "मशीन काढायच्या कागदावर सही करू का?" आणि मी म्हणालो, "कर. संपव एकदाचं." मला आजही ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात. मग तू एकटी आईसमोर जाऊन उभी राहिलीस. "तुझ्या लेखी बाप म्हणजे सामान होतं" असं ती तुला म्हणाली तेव्हा मी बाटलीत पाणी भरत होतो. भरलेल्या बाटलीत.

तू तिला कधीच सांगितलं नाहीस की मीही होतो त्यात. आधी मला वाटायचं, रागाच्या भरात विसरली असेल. मग कळलं की तू विसरलेली नाहीस. तेव्हापासून तुझ्याशी फोनवर पाच मिनिटांच्या वर मला बोलवत नाही.

मला तिची माफी हवी होती, पण ती मागायला तोंड उघडावं लागलं असतं. तिनं तुला माफ केलं की त्यातच माझंही झालं, असं मी धरलं होतं. बटण दाबून होण्यासारखं काम होतं.

हे सगळं ऐकताना आई चादरीचं टोक दुमडत होती, उलगडत होती. मी थांबल्यावर तिनं हात पुढे केला. "रिमोट इकडे दे." तो तिनं शिलाई मशीनच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. "उद्या डॉक्टरबाईंकडे न्यायचं मला. काम असेल तर सुट्टी काढ." 

काल गेलो. दवाखान्याची छोटी खोली, भिंतीवर मेंदूचा चार्ट, त्याच्यासमोर तीन खुर्च्या. आईनं मी काय केलं ते डॉक्टरबाईंना सरळ सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग आई म्हणाली, "आता हे बंद करा. थोडा वेळ. मला बघायचंय, डबी नसताना मला काय वाटतं ते."

"आजी, बंद केलं की थरथर परत येईल. जबडाही आखडतो, बोलायला त्रास होईल."

"येऊ दे."

"आणि आणखी एक. बंद असताना तुम्हाला जे वाटेल ते खरं आणि चालू असतानाचं खोटं, असं मी म्हणणार नाही. बंद असताना तुमचा आजार बोलत असतो. तोही बाहेरचाच."

आई म्हणाली, "वाढवलं तर डबी बोलते. बंद केलं तर आजार बोलतो. मग मी कधी बोलते, बाई?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते तपासायची सोय माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. चिडून किंवा उडवून लावत नव्हे, एखादं औषध दुकानात मिळत नाही असं सांगावं तसं.

मला त्या खोलीत बसवेना. कारण तोच प्रश्न मी तीन आठवडे उलटा सुलटा करत होतो. सहा दशांशाच्या फरकानं माफी येत असेल, तर सहा वर्षांचा राग तरी कुणाचा होता? तोही एखाद्या जळलेल्या कॉन्टॅक्टचा? आणि मी पाण्याच्या टाकीशेजारी जे बोललो ते माझं नव्हतं असं म्हणून सुटता येतं का? सुटता आलं असतं तर बरं झालं असतं, ताई. पण नाही येत.

"बंद करा," आई म्हणाली.

पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. मग उजवा अंगठा हलायला लागला. मग मनगट, मग खुर्चीच्या हातावर पूर्ण हात आपटायला लागला. हनुवटी थरथरत होती. मी उठलो तर डॉक्टरबाईंनी खुणेनं खाली बसवलं. "पुरे?" त्यांनी विचारलं. आईची मान हलली, पण ती नको म्हणून हलली की आजारानं, ते कळेना. वीस मिनिटं ती तशी बसून होती, डोळे मिटून, दात घट्ट दाबून. तू असले पेशंट रोज बघतेस. मी नाही बघत. मी खिडकीच्या गजांकडे बघत होतो.

मग ती बोलली. एकेक शब्द सुटा, मध्ये थांबून थांबून.

"तिला ये म्हणावं. माफ केलं, असं सांगू नकोस. ते अजून झालेलं नाही. पण ये म्हणावं."

डॉक्टरबाईंनी डबी चालू केली. दोन पूर्णांक सहा. हात हळूहळू खाली आला, चेहरा सैल पडला. त्यांनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "आता काय म्हणायचंय?"

"तेच," आई म्हणाली. "शब्द बदलू नका कुणी."

रिमोट यापुढे तिच्याकडेच राहणार. मी त्याला हात लावणार नाही, असं तिनं माझ्याकडून डॉक्टरबाईंसमोर वदवून घेतलं.

घरी येताना रिक्षात ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "एक विचारायचं राहिलं. पत्रात लिही. सही करायच्या आधी ती त्यांच्याजवळ एकटी गेली होती, मला दारातून दिसलं होतं. ओठ हलत होते तिचे. तेव्हा मी रागात होते, विचारलं नाही. नुसत्या सामानाशी कोणी बोलत नाही. काय बोलली, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

ती माझ्याकडे वळली. "तू बोललास त्यांच्याशी?"

"नाही," मी म्हणालो. "मी मॉनिटरवरचे आकडे बघत होतो."

उतरताना तिनं माझा दंड धरला, पायरी उंच होती म्हणून असेल. घरात शिरेपर्यंत सोडला नाही.

तेव्हा सोळाला ये. काय वाट्याला येईल ते मला सांगता येणार नाही, ती रडेल की तुला दारातच दोन शब्द सुनावेल. एवढं खरं, की जे बोलेल ते तिच्या नेहमीच्या आकड्यावर बोलेल. स्टँडवर मी उभा असेन. घरी पोचलीस की तिनं मला बाहेर जायला सांगितलंय, तिला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. माझं तिच्याशी अजून बोलून व्हायचंय, ते मी माझं बघेन. तुला आता तिच्यापासून माझं नाव लपवायचं कारण उरलेलं नाही.

तू तेव्हा काय बोललीस ते मला सांगू नकोस, मी विचारलं तरी. आधी तिला सांग.

तुझा धाकटा