टॅबमधला साकव

कर्जत,
शनिवार दुपार

तीर्थरूप अण्णांस शैलाचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कमरेत कळ येते, तरी वाकले.) इकडे सगळे धडधाकट. तुमची नवी कवळी तोंडात बसली, की अजून डबीतच मुक्काम आहे? वहिनींचा खोकला कसा आहे? फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही आणि आज मला निदान चाळीस बोलायची आहेत.

कशेळ्याच्या पुढे वाडीवरच्या माझ्या शाळेत मुलं एकोणीस, वर्ग चार आणि शिक्षक मला धरून दोन. दिवाळीआधी शाळेला चार टॅब मिळाले, तेव्हा भाऊबीजेच्या पाटावर बसून तुम्ही म्हणालात, की आता पोरांच्या हातातली पेन्सिल गेली म्हणून समज. मी ओवाळत होते म्हणून गप्प बसले. पण प्रशिक्षणात आम्हाला एक गंमत दाखवली. एक कोरा फळा असतो, तो चारही टॅबवर एकदम दिसतो. कुणी कुठूनही त्यावर चित्र काढावं, लिहावं. होणारं चित्र सगळ्यांचं मिळून एकच. ऐकायला फार गोड वाटलं. (त्या दिवशी चहाही बरा होता.)

मी विषय दिला, ‘आमची वाडी’. नेटवर्क फक्त खिचडीच्या शेडपाशी येतं, म्हणून सगळी शाळा गोदूबाईच्या चुलीशेजारी पंगतीसारखी बसवली. गोदूबाई म्हणजे आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या; मुलं मला थोडी घाबरतात, त्यांना पुष्कळ. पाच मिनिटं स्वर्गीय शांतता होती. मग चौथीतली आरोही किंचाळली, “बाई, ह्या ऋषिकेशनं माजी झाडं पुसली!” ऋषिकेश शांतपणे म्हणाला, “मग म्हस कुठं बांधू? जागाच नाय ठेवली तिनं.” आरोहीने त्याची म्हैस पुसली. त्याने तिचं घर पुसलं. मग ज्यांची झाडं-म्हशी सुखरूप होत्या, त्यांनीही निव्वळ खबरदारी म्हणून शेजाऱ्यांचं पुसायला घेतलं आणि दहा मिनिटांत आमची वाडी जशी कोरी होती तशी कोरी झाली. शेवटी मुलांनीच नियम केला आणि आरोहीने तो फळ्याच्या वर लाल अक्षरांत लिहिला: ‘पुसन्याआदी इचारायचं.’ शुद्धलेखन मी मुद्दाम सुधारलं नाही. सुधारायचं तर मलाही आधी विचारावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी वाडी उभी राहिली. अलीकडे शाळा, पलीकडे आठ मुलांची घरं, मध्ये ओढा. आणि तिथे सगळे अडले. अण्णा, हा ओढा आत्ता घोट्याएवढा दिसतो. पण श्रावणात ती आठ मुलं आठवडा आठवडा शाळेत येऊ शकत नाहीत. गेल्या वर्षी दुसरीतली रिया पाण्यात घसरली, तिच्या मामाने वेणीला धरून ओढून काढली. तेव्हापासून तिची आई ढग दिसला की तिला घरी ठेवते. चित्रात ओढ्यावर साकव हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण तो काढता कुणालाच येईना. एकाचा साकव शिडीसारखा झाला, एकाचा सापासारखा.

चित्र पालकांनी बघावं म्हणून मी त्याची लिंक पालकांच्या गटावर पाठवली. म्हणजे पाठवली असं मला वाटलं. ती गेली आपल्या घरच्या गटावर. (जिथे रोज सकाळी तुम्ही गुलाबाचं फूल टाकता, तिथेच.) थोड्या वेळाने फळ्यावर एक निळी पेन्सिल आपोआप हलायला लागली. खाली नाव होतं, ‘पाहुणा’.

“बाई, पावना आला!” सगळे ओरडले. गोदूबाईंनी आतून विचारलं, “जेवनार हाय का त्यो? मंग मूठभर तांदूळ वाढवते.”

पाहुण्याने ओढ्यावर एक सरळ रेघ मारली. ऋषिकेशने ती पुसली. पुन्हा मारली, पुन्हा पुसली. आरोहीने ऋषिकेशला लाल अक्षरांतला नियम दाखवला, तेवढ्यात फळ्यावर अक्षरं उमटली: ‘माझंच चुकलं. साकव काढू का?’ एकोणीस जणांनी एका आवाजात परवानगी दिली. ती अर्थातच पाहुण्याला ऐकू गेली नाही, म्हणून ‘हो’ असं एकोणीस वेळा लिहिण्यात आलं. मग पाहुण्याने विचारलं, ओढा किती रुंद आहे? कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी शाळा विहिरीचा दोर घेऊन ओढ्यावर गेली आणि बत्तीस फूट भरलं असं मोजून आली. कठडा किती उंच? यावर वाद झाला. इतका वेळ न बोललेली रिया तेव्हा म्हणाली, “माज्या गळ्यापतुर.” तिला भिंतीशी उभी करून मोजली. पाहुण्याने कठडा तेवढा केला, दोन्ही काठांना दगडी पाये दिले, बाण काढून मापं लिहिली. मुलांनी वर रंग भरला आणि ऋषिकेशने साकवावर म्हैस चढवली. (आधी विचारून.)

ते चित्र मी ग्रामसेवकांना दाखवलं. ते म्हणाले, अर्ज पुष्कळ येतात, मापासकट चित्र पहिल्यांदाच आलं. येत्या गुरुवारी ग्रामसभेत ते मांडायचं आहे आणि पाहुण्यालाही बोलावलंय.

अण्णा, आता लपवू नका. साजगावच्या कारखान्यात बत्तीस वर्षं नकाशे काढलेला हात मी ओळखला नसता का? ती रेघ, ते बाण, तो सातचा आकडा! निवृत्त झाल्यापासून तुम्ही नुसते गॅलरीत बसून असता, म्हणून मला काळजी होती. आज डोळे भरून आले. भाऊबीजेचं तुमचं बोलणं मी विसरले. (जवळजवळ.)

तुमची लाडकी,
शैला

ता. क. – गुरुवारी अकराच्या आत या. खोपोलीहून कर्जत आणि तिथून कशेळ्याची जीप. मुलं नाक्यावर उभी राहणार आहेत.

ता. ता. क. – पाकीट चिकटवणार इतक्यात वहिनींचा फोन आला. तो पाहुणा तुम्ही नव्हतात. तुम्ही तेव्हा घोरत होतात म्हणे. मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला असा साकव काढणं कुठून आलं?” तर म्हणाल्या, “अगं, ह्यांनी नकाशे घरी आणले की पट्टीचं दुसरं टोक कोण धरायचं? चुका कोण दाखवायचं?” चार पानं लिहून झालीत, ती काही मी फाडणार नाही. तेव्हा वरचं सगळं कौतुक वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा आणि गुरुवारी त्यांना घेऊन या. ग्रामसभेत त्या बोलतील. तुम्ही पट्टीचं दुसरं टोक धरा.